विचारलंत ते बरं झालं : गाऱ्हाणं आणि हिशोब

गेल्या अंकात ओघात एक गोष्ट सांगून गेले होते. फ्रान्समध्ये १७८९ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, त्यातलं पंधरावं कलम असं, की कोणत्याही सरकारी माणसाकडे त्याच्या कारभाराचा हिशोब मागायचा समाजाला हक्क आहे. एका वाक्याचं कलम. त्यावर इतकी पत्रं आली की आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून मी ती वाचत बसले. मुलगा वैतागला, आणि त्याचंही बरोबर आहे. एप्रिलात राजापूर तालुक्यात पत्रं वाचायला कोणाला सवड असते? त्यातली चार आज घेते. बाकीच्यांची पावसाळ्यात.

बाई, आमच्या पुस्तकात लॉक, माँटेस्क्यू, व्हॉल्टेअर, रूसो अशी नावं ओळीने येतात आणि पान उलटलं की एकदम क्रांती. चार जणांनी पुस्तकं लिहिली म्हणून राजा गेला, हे मला खरं वाटत नाही. तिथल्या शेतकऱ्याला वाचता तरी येत होतं का?
— अकरावीची विद्यार्थिनी, देवगड तालुका

तुझी शंका रास्त आहे. रूसो वाचून कोणी नांगर टाकला नाही. आधी आमच्या घरातली एक गोष्ट ऐक, मग फ्रान्सला जाऊ.

१९६९ साल. मी चौथीत. बाबा मुंबईला गिरणीत होते ते तब्येतीमुळे गावी परत आलेले. मुंबईत असताना देवळाच्या कौलांसाठी त्यांनी दोन वर्षं मनिऑर्डरने वर्गणी पाठवली होती. शिमग्याच्या आधी देवळात गावकीची बैठक बसली, तेव्हा त्यांनी विचारलं, "कौलांना किती गेले, वाशांना किती, आणि उरले किती?" बस्स, एवढंच. कोणी चिडलं नाही, ओरडलं नाही. एक मानकरी म्हणाले, "आजपर्यंत कोणी विचारलं नाही." आणि पुढचा विषय सुरू झाला.

त्या वर्षी पालखी आमच्या दारी आली नाही. आईने खळं सारवलं होतं, रांगोळी घातली होती, ओटीचं ताट पाटावर मांडून ठेवलं होतं. ढोल आमच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत आला. मग खालच्या अंगाने वळला आणि पुढच्या घरी वाजायला लागला. आम्ही भावंडं खळ्यात उभी, कोणाला काय विचारायचं कळेना. ताटातला नारळ आईने फोडला नाही, देवघरात ठेवून दिला. वर्षभरात त्याचा गोटा झाला. हलवला की आत खडखड वाजायचा.

"आजपर्यंत कोणी विचारलं नाही" हे जे उत्तर आहे ना, त्यावर सतराव्या-अठराव्या शतकातले हे सगळे विवेकवादी लोक तुटून पडले. माझ्या मते त्यांचं मोठं काम तेच. चालत आलंय म्हणून चालू दे, याला ते कारण मानायला तयार नव्हते.

राजाला कोणी अधिकार दिला? देवाने, असं तेव्हाचं उत्तर. इंग्लंडात रॉबर्ट फिल्मर नावाच्या गृहस्थाने तर राजाचं नातं थेट आदमाशी नेऊन जोडलं. आदम पहिला बाप, त्याची सत्ता मुलाबाळांवर, तीच वारशाने आजच्या राजाकडे. त्याचं पुस्तक १६८० साली छापून आलं, तो वारल्यावर. जॉन लॉकने त्याची पार सालं काढली. आदमाचा थोरला वारस आज कोण, ते कोणत्या सात-बारावर लिहिलंय? (सात-बारा माझा, प्रश्न लॉकचा.) लॉकच्या 'टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्नमेंट'वर १६९० साल छापलंय, पण ते १६८९च्या अखेरीसच बाजारात आलं, आणि वर लेखकाचं नाव नव्हतं. पुस्तक आपलं आहे हे त्याने १७०४ साली मृत्युपत्राच्या पुरवणीत कबूल केलं. एवढी भीती! आणि लिहिलं काय? तर जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखायला माणसं आपल्या संमतीने सरकार नेमतात, आणि सरकारने तो विश्वास मोडला तर त्याला काढायचा हक्क त्यांना राहतो. थोडक्यात, लॉकने राजाची मालकी काढून घेतली आणि त्याला विश्वस्त केलं. मालकाला हिशोब विचारता येत नाही, विश्वस्ताला येतो.

लॉकचं आणखी एक म्हणणं मला वर्गात शिकवताना नेहमी अडायचं. जो जमिनीत घाम गाळतो, जमीन त्याची होते. माझे आजोबा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ. भात उभं असतानाच खोताचा माणूस यायचा, बांधावरून नजर टाकायचा आणि किती पीक येणार ते ठरवायचा. याला अभावणी म्हणत. त्याने ठरवलेल्यातलं अर्धं खोताचं, मग प्रत्यक्षात खळ्यावर काहीही येवो. आजोबांना लॉक भेटता तर त्यांनी त्याला जेवायला बसवलं असतं. पण हेच तत्त्व पुढे अमेरिकेत उलटं वापरलं गेलं. तिथले मूळचे लोक आमच्यासारखी शेती करत नाहीत, सबब जमीन त्यांची नाही, असा हिशोब गोऱ्या वसाहतवाल्यांनी मांडला. शिवाय माणसांच्या स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. हेही वहीत लिहून ठेव, परीक्षेत विचारणार नाहीत तरी.

माँटेस्क्यू हा बोर्दोकडचा, द्राक्षमळे असलेला सरदार. त्याला न्यायाधीशाचं पद काकाकडून वारशाने मिळालं, आणि १७२६ साली त्याने ते चक्क विकलं. न्यायाधीशाची खुर्ची विकता यायची! म्हणूनच बहुतेक त्याला ती गोष्ट आतून कळली असावी. 'द स्पिरिट ऑफ द लॉज' १७४८ साली जिनिव्हात छापलं गेलं, तेही बिननावाचं. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्याप्रमाणे न्याय देणारा, हे तीन हात वेगळे पाहिजेत. सत्तेला सत्तेनेच अडवावं लागतं, हा त्याचा मुद्दा. त्यासाठी त्याने इंग्लंडचा दाखला दिला. इंग्लंडात मंत्री संसदेतच बसतात, त्यामुळे तिथे तरी त्याने रंगवलं तितकं वेगळेपण नव्हतं, पण ती चूक फळली. १७८७ साली अमेरिकनांनी घटना लिहिली तेव्हा माँटेस्क्यू त्यांच्या हाताशी होता, आणि आपल्या घटनेतलं पन्नासावं कलम न्यायसंस्थेला कार्यकारी यंत्रणेपासून वेगळं करायला सांगतं.

आता आमची १९६९ची बैठक आठव. वर्गणी किती ते गावकीने ठरवलं, खर्च गावकीने केला, विचारणाऱ्याला दोषी गावकीने ठरवलं आणि पालखीही गावकीनेच वळवली. माँटेस्क्यू समजावून सांगायला मला एकतीस वर्षांत याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही, आणि वर्गात ते मी एकदाही दिलं नाही. पहिल्या बाकावर मानकऱ्यांची नातवंडं बसत.

रूसोबद्दल माझं मत थोडं कडू आहे. घड्याळजीचा मुलगा, लेखणी अशी की वाचताना अंगावर काटा यावा. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे आणि जिकडेतिकडे बेड्यांत आहे, ही 'सोशल काँट्रॅक्ट'मधली १७६२ची ओळ तुझ्या पुस्तकात असेलच. राज्य लोकांचं, राजा फार तर त्यांचा नोकर, हे त्याने सगळ्यांत ठणकावून सांगितलं. पण त्याने 'सामूहिक इच्छा' म्हणून जी एक वस्तू उभी केली, आणि जो ती मानणार नाही त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडावं असं लिहिलं, तिथे मला आमचा गडगा दिसतो. "गावाचा निर्णय आहे" असं म्हटलं की एकट्याने बोलायचं कुठे? रूसोचा भक्त, क्रांतीतला पुढारी रोबेस्पिएर १७९३-९४ मध्ये लोकांच्या नावाने माणसं गिलोटिनखाली पाठवत होता. त्याचा सगळा दोष रूसोच्या माथी मारणं बरोबर नाही, पण थोडा तरी मी मारते.

आता तुझा खरा प्रश्न, शेतकऱ्याला वाचता येत होतं का. बऱ्याच जणांना नव्हतं. पण १७८९ साली तिजोरीत खडखडाट झाला आणि नवे कर बसवायला राजाला इस्टेट्स जनरल ही सभा बोलवावी लागली. ती आधी भरली होती १६१४ साली! सभेला माणसं पाठवताना गावोगाव लोकांनी बसून आपल्या तक्रारींच्या वह्या लिहायच्या, अशी रीत होती. ह्या वह्यांना आपल्याकडे एकच शब्द शोभतो, गाऱ्हाणी. फरक इतकाच, की आपलं गाऱ्हाणं देवापुढे घालतात आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यांचं शाईने कागदावर उतरलं आणि पॅरिसच्या दिशेने गेलं. मिठावरचा कर काढा. सरदारांची कबुतरं आमचं पेरलेलं टिपतात आणि आम्हाला ती मारायची बंदी, ती उठवा. (आमच्याकडे वानर आहेत. तेही मारता येत नाहीत. असो.) आणि त्याच वह्यांत, कबुतरांच्या शेजारी, हेही येतं, की आम्हाला विचारल्याशिवाय कर बसवू नका, सभा ठरल्या मुदतीने भरवत जा.

हे दुसरं वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी आलं कुठून? वही लिहायला बरेचदा गावातला किंवा तालुक्याचा वकील बसलेला असे. त्याने लॉक-माँटेस्क्यू वाचलेले असत, किंवा वाचलेल्यांचं ऐकलेलं असे. अरास गावात चांभारांच्या संघाची वही एका तरुण वकिलाने लिहून दिली; तो वकील म्हणजे तोच रोबेस्पिएर. पुस्तकं शेतात अशी पोचली. पोट दुखत होतं ते शेतकऱ्याचं, दुखण्याला नाव दिलं पुस्तकांनी. कबुतरांचा त्रास पूर्वीही होता, तेव्हा तो नशिबाचा भाग होता. आता तो अन्याय झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला जाहीरनामा मंजूर झाला, आणि त्यात ते पंधरावं कलम आलं.

व्हॉल्टेअरचं ते प्रसिद्ध वाक्य, "तुमचं मत मला मान्य नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन", हे त्याच्या कोणत्या पुस्तकात आहे? आमच्या कट्ट्यावर पैज लागली आहे.
— निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी

कोणत्याच नाही. पैज 'पुस्तकात नाही' म्हणणाऱ्याने जिंकली. व्हॉल्टेअरची वृत्ती सांगताना हे वाक्य एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज बाईंनी १९०६ साली लिहिलं आणि ते त्याच्या नावावर चढलं. पुरुषांच्या नावावर बाईचं काम चढणं नवं नाही.

व्हॉल्टेअरने काय बोललं यापेक्षा काय केलं ते बघा. तुलूझ शहरात झाँ कालास नावाचा कापड व्यापारी होता, प्रोटेस्टंट. ऑक्टोबर १७६१ मध्ये त्याचा मोठा मुलगा घरात मेलेला सापडला. बाहेर गर्दीत कोणीतरी आवई उठवली, की मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने मारला. पुरावा शून्य. १० मार्च १७६२ ला म्हाताऱ्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. तोपर्यंत व्हॉल्टेअरची साठी उलटली होती, स्विस सरहद्दीजवळ फर्नेला तो सुखात राहत होता. त्याने हे प्रकरण उचललं, वकील लावले, सरदार-दरबाऱ्यांना पत्रांमागून पत्रं धाडली, १७६३ साली सहिष्णुतेवर पुस्तक लिहिलं. ९ मार्च १७६५ ला, तीन वर्षं पुरी व्हायला एक दिवस असताना, कालास निर्दोष ठरला. मेलेला माणूस परत आला नाही. पण एका कोर्टाने दिलेला निकाल चूक होता, हे त्याच राज्याला कबूल करावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १७६४ साली, मिलानच्या बेक्कारियाने गुन्हे आणि शिक्षांवर छोटंसं पुस्तक काढून छळ करून कबुली घेणं आणि फाशी, दोन्ही चूक ठरवले होते. वारा त्या बाजूने वाहू लागला होता.

हे सगळं गोऱ्यांचं. आपल्याकडच्या लोकांनी यातलं काही घेतलं का, की नुसतं शाळेत पाठ करायला आहे?
— एक वाचक, चिपळूण

घेतलं, आणि आपल्या पद्धतीने घेतलं. जोतीराव फुल्यांनी १८४७ साली टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, दुसऱ्या वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. पेन पूर्वी बायकांच्या काचोळ्या शिवायचा धंदा करणारा कारागीर, त्याची भाषा विद्वानी नव्हती. मला वाटतं म्हणूनच तो फुल्यांना भावला. १८७३चं 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना.

पण तुम्ही चिपळूणचे, तुम्हाला महाडचं सांगते. तासा-दोन तासांची वाट. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्याले. ते तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता, कागदावर होता. त्याच डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा भाषणात त्यांनी १७८९च्या व्हर्सायच्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण दिली आणि आपली सभा तशीच आहे म्हणून सांगितलं. सावित्री नदीच्या काठी, मांडवात, हजारो माणसांपुढे व्हर्साय! तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने. माझे आजोबा तेव्हा जिवंत होते, एवढं मला माहीत आहे.

आणि 'गोऱ्यांचं' म्हणताय तर हेही ऐका. १९५४ साली आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहे. मग १९२७चं व्हर्साय कशाला? मला यात काही भांडण दिसत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून सांगायचं, आणि आपली विहीर आपल्या जागेत खणायची.

बाई, या विवेकवाल्या पुरुषांनी बायकांसाठी काय केलं? आणि दुसरं, हे घरगुती आहे: आमच्या गावात एका घराला गावकीने वाळीत टाकलंय. त्यांच्याशी बोललं तर दंड. मी बचत गटाची सचिव आहे, त्या घरची बाई आमच्या गटात आहे. काय करू?
— मालवण तालुका (नाव छापू नका)

पहिल्याचं उत्तर लहान आहे, कारण त्यांनी फारसं केलंच नाही. रूसोने 'एमिल'मध्ये मुलाला स्वतंत्र विचार करायला शिकवलं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला, सोफीला, त्या मुलाला खूश ठेवायला. जाहीरनाम्यात 'माणूस' होता तो पुरुषच. १७९१ साली ओलँप द गूजने बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. त्यात तिने म्हटलं, बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे तर भाषणाच्या व्यासपीठावरही चढायचा असला पाहिजे. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला पहिला हक्क मिळाला. इंग्लंडात मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली रूसोला त्याच्याच विवेकाने उत्तर दिलं: बुद्धी माणसाला आहे तर ती बाईलाही आहे, मग शिक्षण वेगळं का? फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला. आमच्या गावच्या बैठकीत बायका अजून देवळाबाहेरच्या पारावर बसतात. तेव्हा फ्रेंचांना फार हसू नका.

दुसरं महत्त्वाचं. तिला गटातून काढू नका, बोलणं थांबवू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणं हा त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार त्या घरातला कोणीही पोलिसांत देऊ शकतो, थेट मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं. गावकीच्या बैठकीला कायद्याचं बळ नाही, ग्रामसभेला आहे. हे दोन वेगळे आहेत हे त्या बाईला नीट समजावून सांगा, कारण गावात दोन्हीकडे माणसं तीच असतात. तारखा लिहून ठेवा: कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं, दंड किती मागितला, कोणी पाहिलं. फोनवर निरोप आला असेल तर पुसू नका. वर्गणीच्या पावत्या असतील तर त्या जपा. पावतीच देत नसतील तर तेही लिहा. आणि तिच्या दारात जाऊन एकदा चहा प्या, दिवसाढवळ्या, सगळ्यांना दिसेल असा.

आमच्याकडे १९६९ साली असा कायदा नव्हता. दोन शिमगे पालखी आली नाही. तिसऱ्या वर्षी आली. का आली ते कोणी सांगितलं नाही, बहुधा मानकरी बदलले होते. आईने ओटी भरली. बाबा पाया पडले, आणि भोयांनी पालखी खांद्यावर घ्यायच्या आत उभे राहून म्हणाले, "कौलांचं काय झालं?"